तंजावरच्या राजवाड्यातील कागदाचे वैभव

तमिळनाडूत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या तंजावरला महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी सहसा बृहदीश्वराच्या मंदिरासाठी जातो, राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेले ते गगनचुंबी विमान डोळे भरून पाहतो, आणि तिथून दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या राजवाड्याकडे वेळ उरला तरच वळतो. ज्या वास्तूत छत्रपती शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या वंशाने जवळजवळ १८० वर्षे वास्तव्य केले आणि जिथे आजही मराठी हस्तलिखितांचा व मोडी कागदपत्रांचा एक फार मोठा संग्रह जागच्या जागी टिकून आहे, ती वास्तू मराठी माणसाच्या प्रवासात अशी उरल्या वेळेपुरती राहावी, हे योग्य नव्हे. राजस्थानातील किंवा म्हैसूरच्या राजवाड्यासारखा झगमगाट येथे नाही. भिंतींचे पोपडे निघालेले आहेत, काही दालने कायमची बंद आहेत, आणि वाड्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या संस्थांच्या ताब्यात असल्यामुळे फिरताना सलग चित्र मनात उभे राहत नाही. तरीही भारतातील फार थोड्या राजवाड्यांत राजाची बुद्धी कोणत्या विषयांत रमत होती याचा इतका तपशीलवार पुरावा शिल्लक आहे.

वाड्याचा मूळ भाग मराठ्यांनी बांधलेला नाही. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक म्हणून सोळाव्या शतकात तंजावरवर आलेल्या नायक राजांनी, म्हणजे सेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव या चौघांनी, किल्ल्याच्या आत ही वास्तू टप्प्याटप्प्याने उभी केली. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले आणि विजयराघव लढाईत पडला. त्यानंतर गादीवर नायकांच्या वारसाला बसवण्याच्या निमित्ताने विजापूरच्या आदिलशहाने शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांना दक्षिणेत धाडले, आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर स्वतःच्याच ताब्यात घेतले. नव्या राजांनी जुना वाडा पाडला नाही. त्यांनी त्यात आपल्या गरजेनुसार दालने, चौक आणि मजले जोडले, त्यामुळे आज एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना नायकांची घडण कुठे संपते आणि भोसल्यांची कुठे सुरू होते हे सांगणे जाणकारालाही कठीण जाते.

दुरून नजरेत भरतो तो गूडगोपुरम हा उंच मनोरा. त्याला शस्त्रागाराचा मनोरा असेही म्हणतात. मजल्यावर मजला चढवत वर निमुळते होत जाणारे त्याचे रूप मंदिराच्या विमानासारखे, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखरासारखे, असल्यामुळे हे देऊळच असावे असा नवख्या माणसाचा समज होतो. त्याच्याजवळ अनेक मजली माडमाळिगै आहे, आणि पूर्वेच्या रस्त्याकडे तोंड करून सर्जा माडी उभी आहे, जिच्या पुढे आलेल्या सज्जांतून राजस्त्रिया मिरवणुका पाहत असत. याच परिसरात तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड देवमाशाचा सांगाडाही ठेवलेला आहे. राजघराण्याच्या इतिहासाशी त्याचा काही संबंध नाही. मात्र येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने राजवाड्यातील सर्वांत मोठे आकर्षण तेच असते.

मराठा दरबाराचे दालन शहाजी राजांच्या काळातले, १६८४ च्या सुमाराचे, मानले जाते. हे शहाजी म्हणजे व्यंकोजींचे पुत्र. १६८४ ते १७१२ या त्यांच्या कारकिर्दीत तंजावरचा दरबार संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी अशा अनेक भाषांतील विद्वानांचे आश्रयस्थान झाला. त्यांनी स्वतः नाटके लिहिली, आणि त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये केलेल्या ‘सीतास्वयंवरा’च्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे; त्या प्रयोगाच्या दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिले गेले होते, ही गोष्ट अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर अजून पुरेशी पोहोचलेली नाही. दरबाराचे दालन समोरच्या चौकाकडे पूर्णपणे उघडे आहे. जाडजूड खांबांवर रंगांचे पट्टे ओढलेले आहेत, खांबांना जोडणाऱ्या कमानींवर चुन्याच्या गिलाव्यात उठवलेली वेलबुट्टी आहे, आणि मध्यभागी चार खांबांवर तोललेल्या लाकडी छत्रीखाली राजाच्या बैठकीची जागा आहे. या दालनातील रंग उडत चालले आहेत. तरीही दुपारचे ऊन चौकातून तिरपे आत आले की हिरव्या-तांबड्या छटा पुन्हा उमटतात, आणि दरबार भरत असे तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या प्रजाजनाला आतले दृश्य कसे दिसत असेल याची कल्पना येते.

नायकांच्या जुन्या दरबाराच्या भागात १९५१ पासून तंजावरचे कलादालन आहे. तेथील चोळकालीन ब्राँझमूर्तींचा संग्रह जगातील निवडक संग्रहांत मोडतो. त्यातली तिरुवेणकाडूची वृषभवाहन मूर्ती पाहण्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. इ. स. १०११ च्या सुमारास घडवलेल्या या मूर्तीत शिव एक पाय दुसऱ्यावरून किंचित वळवून सैलपणे उभा आहे, जटा पागोट्यासारख्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या आहेत आणि त्यांत सर्प गुंतलेले आहेत. उजवा हात कोपरात वाकवून त्याने नंदीच्या पाठीवर टेकवलेला आहे, पण नंदी मात्र हरवलेला आहे. हात असा रिकाम्या जागेवर विसावलेला असूनही तोल कुठे बिघडलेला वाटत नाही. मूर्तिकाराने शरीराचा भार इतक्या नेमकेपणाने वाटून दिला आहे की अनुपस्थित बैलाची उंचीसुद्धा पाहणाऱ्याला कळते. शेजारची पार्वती वर्षभराने घडवलेली आहे. या मूर्ती शत्रूच्या भयाने जमिनीत पुरल्या गेल्या असाव्यात; विसाव्या शतकाच्या मध्यास त्या उत्खननात मिळाल्या.

याच कलादालनात संगमरवरी पुतळ्याच्या रूपात सरफोजी राजे (दुसरे) भेटतात. लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने हा पुतळा घडवला. डोक्यावर उंच टोकदार पगडी आणि दोन्ही हात नमस्कारासाठी जोडलेले अशा मुद्रेत राजे उभे आहेत. हाती तलवार असलेल्या राजपुतळ्यांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही मुद्रा थोडी अनोळखी वाटते, परंतु वाड्यातील उरलेला सगळा संग्रह पाहिल्यावर तीच या राजाला शोभणारी आहे हे पटते.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्यांना दत्तक घेतले. दत्तकविधान अशास्त्र ठरवून तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले, आणि मुलाच्या संरक्षणाची जबाबदारी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने घेतली. पुढे त्याला सुरक्षिततेसाठी मद्रासला पाठवण्यात आले, जिथे इंग्रजी भाषा आणि युरोपीय विद्यांशी त्याची चांगली ओळख झाली. १७९८ मध्ये कंपनी सरकारने अमरसिंहांना दूर करून सरफोजींना गादी दिली; पण दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक एक लाख पॅगोडा (पॅगोडा हे त्या काळी दक्षिणेत चालणारे सोन्याचे नाणे) आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले.

सत्ता गेली म्हणून राजा ग्रंथांकडे वळला, असे या चरित्राचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, आणि ते अपुरे आहे. तैनाती फौजेच्या व्यवस्थेत सापडलेले, पेन्शनवर जगणारे राजे त्या काळात देशभर होते, आणि मोकळा वेळ व हाती पैसा त्यांतील अनेकांना लाभला होता. त्या वेळेचे आणि पैशाचे तंजावरात जे झाले ते इतरत्र फारसे झाले नाही. ही निवड सरफोजींची होती आणि तिचे श्रेय परिस्थितीला देऊन टाकणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

त्या निवडीचे फळ म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. त्याचे मूळ नायकांच्या ‘सरस्वती भांडारा’त, म्हणजे राजवाड्यातील पोथ्यांच्या खोलीत, आहे. भोसले राजांनी ते सांभाळले, आणि सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि उत्तरेतील अनेक ठिकाणांहून पोथ्या मिळवल्या. या यात्रेचे वर्णन करणाऱ्या मराठी लावण्याही रचल्या गेल्या आणि पुढे ग्रंथालयाने त्या प्रसिद्ध केल्या. आज येथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी ३९ हजारांच्या आसपास संस्कृत, सुमारे तीन हजार मराठी, आणि उरलेली मुख्यतः तमिळ व तेलुगू. मराठीत रामदासी परंपरेचा वाटा मोठा आहे, कारण समर्थांच्या शिष्यांनी तंजावर भागात मठ स्थापन केले होते आणि तेथील स्वामींनी विपुल लेखन केले.

पोथ्यांमध्ये कागदी आणि ताडपत्री असे दोन्ही प्रकार आहेत. ताडपत्रावर शाईने लिहीत नाहीत. लोखंडी लेखणीच्या टोकाने अक्षरे पानावर कोरतात आणि मग काजळी व तेल यांचे मिश्रण चोळून पुसून घेतात, म्हणजे कोरलेल्या रेषांत काळा रंग भरून राहतो. तंजावरच्या दमट हवेत कसर आणि वाळवी हे या संग्रहाचे कायमचे शत्रू. त्यांच्यापासून बचावासाठी वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर यांची पूड कापडाच्या लहान पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची पद्धत येथे चालत आली आहे, आणि ताडपत्रे लवचिक राहावीत म्हणून त्यांना गवती चहाच्या जातीतील गवताच्या तेलाचा हात दिला जातो. बाळाच्या गुटीत उगाळले जाणारे वेखंड येथे व्याकरणाच्या आणि वैद्यकाच्या ग्रंथांचे रक्षण करते.

सर्वसामान्य प्रवाशाला ग्रंथालयाचे भांडार पाहता येत नाही; त्याच्यासाठी लगतच्या दालनात संग्रहालय मांडलेले आहे. तेथे मराठी व संस्कृत पोथ्यांचे नमुने, चित्रित हस्तलिखिते, जुने नकाशे, आणि माणसांचे व प्राण्यांचे चेहरे शेजारी ठेवून स्वभावाची तुलना करणारी फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची चित्रे पाहायला मिळतात. युरोपीय भाषांतील छापील ग्रंथांचा सरफोजींचा संग्रह साडेचार हजारांच्या आसपास आहे. त्यात सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश आहे, लाव्हाझ्येचे रसायनशास्त्र आहे, आणि अनेक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. ही पुस्तके शोभेसाठी मागवलेली नव्हती. पूर्वी तंजावरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, असलेला बेंजामिन टोरिन लंडनला परतल्यावर राजांसाठी तेथून पुस्तके आणि शास्त्रीय उपकरणे पाठवत असे. शरीररचनेच्या अभ्यासासाठी राजांना मानवी सांगाडा हवा होता, पण खरी हाडे वाड्यात ठेवणे धर्माने निषिद्ध, म्हणून त्यांनी हस्तिदंती सांगाडा इंग्लंडमधून मागवला. १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा लिनियस, ब्युफाँ, लाव्हाझ्ये अशा शास्त्रज्ञांविषयी हा राजा किती सहजपणे बोलतो हे पाहून तो प्रभावित झाला आणि आपल्या लेखनात त्याने त्याची नोंद केली.

या सगळ्या संग्रहात सर्वांत जवळून पाहण्याजोगी वस्तू म्हणजे नेत्ररोग्यांच्या नोंदी. रुग्णाची तक्रार, तपासणी आणि उपचार यांची टिपणे, आणि त्यांच्यासोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र अशी त्यांची मांडणी आहे. चित्रकाराने पापण्यांचे केस, पांढऱ्या भागावरील लाली, बाहुलीत दिसणारा मोतीबिंदूचा धुरकटपणा हे सारे इतक्या काळजीने रंगवले आहे की एक डोळा दुसऱ्यासारखा नाही; प्रत्येक डोळ्यामागे एक विशिष्ट माणूस आहे. राजे स्वतः शस्त्रक्रिया करत असत ही गोष्ट तंजावरात अभिमानाने सांगितली जाते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याहून मोलाची गोष्ट ही की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका भारतीय दरबारात रोग्यागणिक सचित्र नोंद ठेवण्याची शिस्त पाळली गेली. राजांच्या ‘धन्वंतरी महाल’ या आरोग्यशाळेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा पद्धतींची औषधे तयार होत, वैद्य एकत्र बसून उपाय पारखत, आणि गुणकारी ठरलेल्या योगांची माहिती तमिळ पद्यांत ग्रथित केली जाई. ते ग्रंथ ‘शरभेंद्र वैद्यमुरैगळ’ या नावाने प्रसिद्ध आहेत. शरभेंद्र म्हणजेच सरफोजी.

औषधी वनस्पतींसाठी राजांनी बाग केली होती, आणि पशुपक्षीही पाळले होते. त्या बागेचे आज काही उरलेले नाही. राजवाड्याच्या परिसरात हिरवळीचे दोन-चार तुकडे दिसतात तेवढेच. फुरसतीने बसण्याजोगे उद्यान हवे असेल तर बृहदीश्वर मंदिराला लागून, शिवगंगा तलावाच्या काठी, नगरपालिकेने १८७१-७२ मध्ये केलेली बाग आहे. सरफोजींच्या निसर्गप्रेमाचा पुरावा वेगळ्या मार्गाने टिकला. त्यांनी आपल्या चित्रकारांकडून पक्षी आणि प्राणी यांची चित्रे काढून घेतली होती. त्यांचा एक संच त्यांनी टोरिनला भेट दिला, आणि तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मुलांच्या शिक्षणाकडेही या राजाचे लक्ष होते. वाड्यात १८०५ च्या सुमारास देवनागरी टाइपांचा छापखाना सुरू झाला. दक्षिण भारतातील तो पहिला. १८०६ मध्ये तेथून ‘बालबोधमुक्तावलि’ हे इसापच्या गोष्टींचे सखण्णा पंडितांनी केलेले मराठी रूपांतर छापले गेले. मुंबईत वा पुण्यात मराठी छपाईला गती येण्याच्या कितीतरी आधीची ही घटना आहे, आणि मराठी मुद्रणाच्या इतिहासात तिला बंगालमधील सेरामपूरच्या बरोबरीचे स्थान द्यायला हवे. राजांनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगराळ मुलखातील स्त्री आपल्या देशाचे डोंगर आणि नद्या गाऊन वर्णिते. सरफोजींनी ती चौकट घेतली आणि तिच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला. तमिळ लोकांचा रचनाप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय नकाशांतील ज्ञान यांचा असा मेळ त्या काळी दुसरीकडे कुठे घातला गेला असता, याची कल्पना करणे अवघड आहे. संगीतातही हेच घडले: नायककाळातील संगीत महालात ज्या परंपरेचे स्वर घुमले, त्याच परंपरेत सरफोजींच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा राहिला, आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार भावांनी आज भरतनाट्यम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या कार्यक्रमाची घडी बसवली.

सरफोजी १८३२ मध्ये वारले, आणि १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे निपुत्रिक वारताच कंपनीने राज्य खालसा केले. खासगी मालमत्तेवरही टाच आली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी कंपनीविरुद्ध दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांचा पक्ष ग्राह्य धरला गेला, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही राजकीय कृती असून न्यायालयांना तिच्यात हात घालता येत नाही असा निर्णय दिला. पुढे खासगी मालमत्ता राण्यांना परत मिळाली, तरी जडजवाहीर आणि सरंजाम यांची जी पांगापांग झाली ती झालीच. या पडझडीत ग्रंथसंग्रह मात्र बहुतांशी अभंग राहिला. इंग्रज विद्वान आर्थर बर्नेल याने त्यातील संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

याच संग्रहात मोडी लिपीतील राजदफ्तराचे १,३०० हून अधिक गठ्ठे आहेत. मोडी ही मराठी कारभाराची वळणदार, हात न उचलता लिहिता येणारी लिपी. तंजावरच्या मोडीत तमिळ आणि तेलुगू शब्द मिसळलेले असल्यामुळे ती वाचायला केवळ अक्षरओळख पुरत नाही. या कागदांत वाड्यातील रोजचा खर्च आहे, अन्नछत्रांचे हिशेब आहेत, कलावंतांची वेतने आहेत, मंदिरांची व्यवस्था आहे. राजवाड्याच्या रिकाम्या दालनांत कोण राहत होते आणि काय करत होते, याचे उत्तर त्यांत आहे. तमिळ अभ्यासकांनी त्यांतील काही भाग वाचून, भाषांतरित करून प्रसिद्ध केला आहे, आणि त्यांचे ऋण मराठी जगाने मान्य केले पाहिजे. परंतु मराठीत लिहिलेले हे दफ्तर मराठी अभ्यासकांनी अद्याप फार थोडे उलगडले आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोडीचे वर्ग ठिकठिकाणी भरू लागले आहेत, शेकडो तरुण ती लिपी शिकत आहेत, आणि शिकून झाल्यावर वाचायचे काय असा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. त्यांनी तंजावरला जावे. तिथे जाताना थोडी तमिळ शिकून जावे, आणि बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख आधी पाहून मग राजवाड्याकडे वळावे. इतर प्रवाशांनीही मंदिरासाठी सकाळ ठेवली तर राजवाड्यासाठी निदान सबंध दुपार राखून ठेवावी, आणि संग्रहालयातून बाहेर पडताना ग्रंथालयाच्या विक्री विभागात मिळतील ती मराठी प्रकाशने विकत घ्यावीत.